किल्ल्यातलं गाऱ्हाणं

एका दिवसाच्या सहलीला चार फ्रॉक कशाला लागतात, हा प्रश्न मला त्या सकाळी पडायला हवा होता. पडला नाही. आईने माझी पिशवी वेगळी भरली तेव्हा मी उलट खूश झाले, कारण तोवर आमच्या घरात माझं वेगळं असं काही नव्हतंच. फ्रॉक आक्काचे आखूड झालेले, वह्या आक्काच्या मागच्या कोऱ्या पानांच्या, आणि कंगवा सगळ्यांचा मिळून एक. "समुद्राच्या पाण्यात भिजशीत, आसांदेत जादा कपडे," आई म्हणाली. म्हणताना ती माझ्याकडे न बघता स्टोव्हला पंप मारत होती. पहाटेपासून ती वडे तळत होती आणि त्या तेलाच्या वासाने शेजारच्या खोल्यांतली पोरंही उठून दारात येऊन बसली होती. तिने त्यांना एकेक वडा दिला, मला मात्र टम्म फुगलेले चार काढून ठेवले. आक्काने ते पाहिलं आणि आपला वडा उचलला. एरवी वड्याच्या आकारावरून आमचं भांडण चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

आम्ही वाकोल्याला राहायचो. डोक्यावरून विमानं जायची, इतकी खालून की खिडकीतली भाताची तवली हलायची, आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच थांबायचा. विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू. माझे बाबा गिरणीत मागावर होते, पण चाळीत त्यांची ओळख वेगळीच होती. ते गाऱ्हाणं घालायचे. आमच्या मालवणी लोकांत कुठलंही काम काढलं की आधी देवापुढे नारळ ठेवून त्याला मोठ्याने सगळं सांगायचं असतं: आम्ही कोण, कशासाठी आलो, आमचं काय चुकलं, तू काय करायचंस. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणाची नवी रिक्षा असो, कोणाचं बारसं असो की कबड्डीचा सामना, बाबांना बोलावणं यायचं. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस नारळापुढे उभा राहिला की असा काही बोलायचा की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. वर विमान आलं की मात्र ते थांबायचे. देवाला नीट ऐकू गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एक नियम होता आणि त्यात ते कोणाची गय करत नसत. जो "व्हय म्हाराजा" म्हणाला तो त्या बोलण्यात बांधला गेला. ज्याला मान्य नाही त्याने गप्प राहावं, पण एकदा म्हटल्यावर मागे फिरायचं नाही. एका सत्यनारायणाला, घरच्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी गाऱ्हाण्यात घातलं की आमचे खालच्या मजल्यावरचे नाना आजपासून तंबाखू सोडतायत. सगळी चाळ "व्हय म्हाराजा" म्हणाली, नाना एकटे ओठ घट्ट मिटून छताकडे बघत राहिले. पुढे मरेपर्यंत त्यांनी तंबाखू खाल्ली, आणि बाबांनी त्यांना त्यावरून कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही. नाना देवाशी खोटं बोलले नव्हते ना, मग झालं.

मी आणि आक्का या "व्हय म्हाराजा"मध्ये पटाईत होतो. ती चौदाची, मी अकराची. कोणाचा आवाज मोठा यावर आमची पैज लागायची आणि बहुतेक वेळा मी जिंकायची. बाबा म्हणायचे, "विजूचो आवाज गावापर्यंत जाता." दुसरं काही माझ्यात कौतुक करण्यासारखं नसावं, कारण हे एकच वाक्य मी लहानपणापासून जपून ठेवलं आहे. आक्का माझ्यापेक्षा गोरी, अभ्यासात हुशार, शिवाय भाकऱ्या गोल करणारी. मला तिचा हेवा वाटायचा का? नाही वाटायचा. मी तिच्यामागे शेपटासारखी फिरायची. आमच्या दोघींत एक करार होता. घरात मोठ्या माणसांचं काही कुजबुजणं कानावर आलं की ज्या कोणाच्या कानावर येईल तिने आधी दुसरीला सांगायचं. गिरणीला टाळं लागणार हे मला आक्कानेच आधी सांगितलं होतं. आईच्या पोटातलं मूल गेलं, तेही तिनेच. आम्ही दोघी नळाच्या कट्ट्याआड बसून रडलो होतो.

सहलीच्या आदल्या आठवड्यात त्याच नळावर भांडी घासताना तिने मला विचारलं, "विजू, तुला मुलुंड आवडतं ना गं?"

मुलुंडला आमचे तात्या राहायचे, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या घराला दोन खोल्या होत्या आणि गॅलरी होती. गॅलरीत काकूंनी लावलेली अबोली होती.

"आवडतं की," मी म्हटलं.

"आणि काकू?"

"आवडतात. माझे केस न ओढता विंचरतात."

"मग झालं," आक्का म्हणाली आणि टोप उपडा घालून आत गेली. तिने राख लावलेली दोन भांडी माझ्यासाठी तशीच सोडली होती, म्हणून मी तिच्यामागून ओरडले. एवढंच. या संभाषणात काही असावं असं मला वाटायचं कारण नव्हतं.

तात्यांबद्दल सांगायला हवं. बाबांना बारा वर्षांचे असताना गावाहून बोटीत घालून मुंबईला त्यांनीच आणलं, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं, गिरणीत चिकटवलं. बाबा तात्यांसमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. तात्या आले की ते उठून दाराशी उभे राहायचे आणि ते निघेपर्यंत तिथेच. तात्या-काकूंना मूल नव्हतं. हे घरात कोणी बोलत नसे, पण काकू आल्या की आई आम्हाला जरा कमी लाडाने हाक मारते, हे मला त्या वयातही कळायचं.

तर तात्यांनी कोणाची तरी फियाट मागून आणली आणि आम्ही सहा जण वसईच्या किल्ल्याला निघालो. पुढे तात्या आणि बाबा, मागे आई, काकू आणि आम्ही दोघी, मांडीवर वड्यांचा डबा, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची किटली, पायाशी नारळ. खिडकी मला मिळाली. आक्काने ती आपणहून दिली. घरातून बाहेर पडून असं सगळ्यांनी मिळून कुठे जाणं आमच्याकडे झालंच नव्हतं. गावाला जाणं वेगळं, ती सहल नव्हे. आई रस्ताभर गप्प होती. काकू मात्र बोलत होत्या, नेहमीपेक्षा जास्त, आणि मधेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो पुन्हा काढून घेत होत्या.

किल्ला मला पाहताक्षणी आवडला. मला वाटलं होतं शाळेच्या पुस्तकातल्यासारखा डोंगरावर असेल. हा सपाट जमिनीवर, समुद्राला लागून, आणि आत शिरलं की किल्ला कमी आणि ओसाड पडलेलं गावच जास्त. छप्पर नसलेली चर्चं. त्यांच्या भिंतींतून उंबर आणि पिंपळ फुटलेले, कमानीत पोपटांचा कालवा. जमिनीवर फिरंग्यांच्या थडग्यांच्या फरशा, त्यांच्यावर कोरलेली अक्षरं, त्यांच्यावर वाळत घातलेली कोणाची तरी गोधडी. तात्या हात पाठीमागे बांधून पुढे चालत होते आणि प्रत्येक भिंतीबद्दल काहीतरी ठासून सांगत होते. "हय चिमाजी आप्पान तोफ लावली." थोड्या वेळाने दुसऱ्या भिंतीपाशी, "हय लावली." बाबा दोन्ही वेळा मान डोलावत होते. वाऱ्यावर कोळीवाड्यातल्या सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता आणि घर सोडल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते त्यावर: "बरो बोंबिल आसा, जाताना घेवया."

एका चर्चच्या मनोऱ्यात गोल जिना आहे, आत काळोख, पायऱ्या झिजलेल्या. मी आणि आक्का हात धरून वर गेलो. वर पोचल्यावर समुद्र दिसला, होड्या दिसल्या, आणि खाली गवतात आमची चार माणसं. आई आणि काकू समोरासमोर उभ्या होत्या. काकूंनी वाकून आईचे पाय धरले. धाकट्या जावेचे पाय मोठी जाऊ कशाला धरेल?

"आक्का, बघ, काकू काय करतायत?"

"काहीतरी पडलं असेल त्यांचं," आक्का म्हणाली. मग घशाला हात लावून खरखरीत आवाजात पुढे म्हणाली, "माझा घसा बसलाय गं. मघापासून दुखतोय. आज गाऱ्हाण्याला तूच म्हण, मी नाही म्हणणार."

"मग मीच जिंकणार."

"हो, तूच जिंक."

इतक्या वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, भाचा, म्हणजे आक्काचा मुलगा, आम्हा दोघींना त्याच्या गाडीतून तिथे घेऊन गेला होता. आता तिथे लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढतात; मुलगी लांब शेपटाचा गाऊन सावरत उभी आणि एक जण तो गाऊन हवेत उडवायला ठेवलेला. मनोऱ्याच्या जिन्यापाशी आक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. गुडघे गेलेत तिचे. म्हणाली, "किती मजा केली होती ना आपण त्या दिवशी." भाच्याने फोटो काढला. त्यात मी हसतेय. असा फोटो घरात असू नये असं मला वाटतं, पण तो त्याने मोठा करून फ्रेम करून दिला, आता काय करणार.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही समुद्राकडच्या दरवाजात गेलो. बाबांनी ती जागा मुद्दाम निवडली होती. गावाला जाणं होत नव्हतं, आणि चाळीत गाऱ्हाणं घातलं असतं तर बारा खोल्यांना विषय मिळाला असता. इथून दक्षिणेकडे तोंड केलं की गावच्या रवळनाथापर्यंत मधे नुसतं पाणी, असं त्यांनी तात्यांना समजावलं. समोर खाडीपलीकडे उत्तनची झाडी स्वच्छ दिसत होती, पण ती त्यांनी जमेस धरली नाही. दगडावर केळीचं पान, पानावर नारळ, विडा. आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो. आक्का माझ्या उजव्या हाताला होती.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली. "तुझी लेकरां आज हयसून तुका हाक मारतत, ती ऐकान घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." त्या जाड भिंतींमध्ये माझा आवाज घुमून परत आला. वाकोल्यात कधी असा येत नसे. वर एकही विमान नव्हतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

"काय चुकलामाकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या वडील भावान माका वाढवलो, त्येचा घर आज सुना आसा, ता तुका ठावक आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आई तोंडात पदर घालून उभी होती. ते मला दिसत होतं, आणि मी त्याचा अर्थ ती तोंड दाबून हसतेय असा लावला, कारण काकूंच्या पायाशी एक कुत्रं येऊन वड्यांचा डबा हुंगत होतं.

"आमचा धाकटा चेडू विजू आजपासून त्येंच्या पदरात घातला हा. खुशीन दिलेला आसा आणि ताही खुशीन जाता हा. तेचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

जिभेला सवय होती. वाक्य संपलं की म्हणायचं, एवढंच तिला माहीत. नेहमीसारखं मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, आणि ते भिंतीवरून परत आल्यावर मला ऐकू आलं की तिथे दुसरा आवाज जवळजवळ नव्हताच. तात्या हाताने डोळे पुसत होते. काकू रडत होत्या. आईने पदर काढला नव्हता. आक्का ओठ मिटून समोर बघत होती. मग मागचं वाक्य माझ्या डोक्यात शब्दाशब्दाने शिरायला लागलं, आणि तोवर बाबांनी नारळ दगडावर आपटला होता.

यापुढचं मी कोणाला सलग कधी सांगितलेलं नाही. आईने दरवाजाजवळच उभ्या केलेल्या फियाटमधून माझी चार फ्रॉकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्या तोंडाकडे बघून तिचा हात थांबला.

"असा काय बघतंस गो बाय? आक्कान तुका सगळा सांगलेला मा?"

मी आक्काकडे बघितलं. तिने भिंतीतल्या पिंपळाकडे बघत खरखरीत आवाजात म्हटलं, "सांगितलं होतं की. नळावर. मुलुंड आवडतं ना विचारलं, तर हो म्हणाली."

नंतर, बऱ्याच वर्षांनी, आईकडून मला तुकड्यातुकड्याने कळलं ते असं. तात्यांनी दोघींतली एक मुलगी मागितली होती. कोणती, ते बोलले नव्हते. बाबांनी आईला सांगितलं, जी खुशीने जाईल ती जाईल, जबरदस्ती करायची नाही, आणि आक्का मोठी म्हणून आधी तिच्याशी बोलले. आक्का त्यांना म्हणाली, मी विजूशी बोलते. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, विजू तयार आहे, खूश आहे, फक्त तिच्याजवळ विषय काढू नका, तिला लाज वाटते. आणि माझ्या आईबापांनी विषय काढला नाही. त्यांना ते फार सोयीचं वाटलं असणार. मी आक्काला जितकं माफ केलेलं नाही तितकंच त्यांनाही नाही. आठवडाभर एकाच खोलीत राहून त्यांच्यापैकी एकानेही मला जवळ घेऊन विचारलं नाही की, पोरी, खरंच जातेस का? एकदाच विचारलं असतं तर पुरलं असतं.

त्या दरवाजात मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की "मला कोणी सांगितलं नाही" एवढं वाक्य बोलायचं आहे आणि ते आत्ताच बोललं पाहिजे. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी बाबांकडे वळले. ते नारळाचे तुकडे करत होते, आणि त्यांनी मान वर न करता म्हटलं, "चेडवा, देवासमोर व्हय म्हणालंस. माझो मान ठेवलंस." एवढ्यात काकू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी मला हात लावला नाही. "येशील ना गं बाळा?" त्यांनी विचारलं. येशील का, असं मला विचारणारं ते पहिलं माणूस. त्यांच्याकडे बघून नाही म्हणणं मला जमलं नाही. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मुलुंडला मला कोणी छळलं नाही, हे सांगणं भाग आहे. मला स्वतःचं टेबल मिळालं, स्वतःचा कंगवा मिळाला, आणि मी शिकले, आक्कापेक्षा जास्त शिकले. काकूंना मी शेवटपर्यंत काकूच म्हटलं आणि त्यांनी कधी आई म्हण असं सांगितलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सगळं मी केलं, मनापासून केलं. लोक म्हणतात, बघ, भलंच झालं ना तुझं. झालं असेल. वाकोल्याला मी सणासुदीला जायची, पाहुण्यासारखी, आणि आई मला पहिलं ताट वाढायची. कधी मी रुसले, रडले की ती म्हणायची, "तूच व्हय म्हणालंस गो, आमी काय ढकललव?" माझा आवाज तिथल्या सगळ्यांनी ऐकला होता.

आक्काला मी एकदाच विचारलं. आम्ही दोघी तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतो. ती म्हणाली, "मी चौदा वर्षांची होते गं." ते खरं आहे. मी अकराची होते, हेही खरं आहे. ती दर रविवारी फोन करते, मी उचलते, आम्ही औषधांबद्दल बोलतो. नातलगांच्या घरी अजून गाऱ्हाणी होतात. बाबांनंतर एक लांबचा चुलतभाऊ घालतो, त्याला विमानाचं काही वाटत नाही, तो आवाजावर आवाज चढवून पुढे रेटतो. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी नानांसारखी छताकडे बघत उभी राहते, आणि सगळ्यांना वाटतं म्हातारीला ऐकू कमी येतं.

तर ती संध्याकाळ. तात्यांना घोडबंदरवरून परस्पर मुलुंडला जायचं होतं. बाबा, आई आणि आक्का किल्ल्याबाहेरच्या थांब्यावर स्टेशनची एसटी धरणार होते. सकाळी मला खिडकी दिली होती, आता अख्खी मागची सीट माझीच होती, पिशवी शेजारी. आईने खिडकीतून बोंबलांची पुडी आत दिली, "काकूक करूक सांग," म्हणाली, आणि तिचा हात काचेवर राहिला. बाबा लांब उभे होते. आक्का त्यांच्या मागे. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही. तात्यांनी गाडी सुरू केली. आईचा हात सुटला. गाडी वीसेक पावलं गेली असेल, मागून कोणीतरी धावत असल्याचा आवाज आला आणि मग हाक आली.

"विजूऽऽ! विजूऽऽ!"

आक्का होती. काकूंनी वळून मागे बघितलं, तात्यांनी गाडी हळू केली. मी मागे न बघता ऐकत राहिले. ती पुन्हा पुन्हा हाक मारत होती आणि प्रत्येक हाक किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत येत होती, माझ्या आवाजासारखीच, किंबहुना थोडी जास्तच मोठी. घसा बसल्याची खूण त्यात कुठेही नव्हती.

"थांबू काय गो?" तात्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.